अडीच वर्षांचं लेकरू, ऑटिझम आणि आठवड्याला 40 तासांची थेरपी

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला होता, पण हा विषय घाईत दोन ओळी टाकून सोडायचा नाही म्हणून आता निवांत बसून लिहिते. मुलगा अडीच वर्षांचा, हाक मारली तर वळत नाही, दोन-चार शब्द आले होते तेही गेले, गाडी उलटी करून चाकं फिरवत बसतो, डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, सांगितलंय. त्यात एका सेंटरनं आठवड्याला 40 तास एबीए, म्हणजे छोट्या छोट्या पायऱ्या आणि शाबासकी देऊन वागणं-बोलणं शिकवायची थेरपी, सांगितली आणि सोलापूर सोडून पुण्याला या म्हणाले. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, थांबा, आणि मिस्टर म्हणतात शेत विकू पण जाऊ.

माझं म्हणणं, थांबूही नका आणि शेतही विकू नका. माझा मुलगा आता हायस्कुलात आहे, आम्ही पहिल्यापासून इथंच जुळे सोलापुरात राहतो, आणि त्याच्यामुळं या विषयातल्या बऱ्याच आयांशी रोजचं बोलणं असतं, त्या सगळ्या अनुभवावरून सांगते.

थांबायचं का नाही ते आधी. आलेले शब्द जाणं याला 'उशिरा बोलतो' म्हणत नाहीत. सासूबाईंना रागावू नका, त्यांच्या पाहण्यात तशी मुलं असतील, पण त्यांना एवढंच सांगा की नुसतं बोलणं नाही, तर बोट दाखवणं, आपल्याकडं बघून हसणं, हाकेला वळणं हेही नाहीये. कानाची बेरा टेस्ट झाली नसेल तर ती करून घ्या. आणि दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत घरातलं काम अडवून ठेवायचं काही कारण नाही, ते आजपासून चालू होतं.

आता ते 40 तास. हा आकडा आला अमेरिकेतल्या लोवास नावाच्या मानसशास्त्रज्ञांच्या 1987 च्या अभ्यासातून. 19 लहान मुलांना आठवड्याला 40 तास, दोन वर्षं किंवा जास्त, एकास एक शिकवलं आणि त्यातली 9 मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पास झाली, बुद्ध्यांकही सर्वसाधारण आला. सेंटरवाले हे सांगतात. पण मुलं कुठल्या गटात टाकायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं नव्हतं आणि त्या पद्धतीत मुलांना ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेसुद्धा होतं, हे कुणी सांगत नाही. आज ते कुणीही मान्य करणार नाही आणि करूही नये. पुढं 2010 मध्ये डेन्व्हर मॉडेल नावाच्या पद्धतीचा अभ्यास आला, दीड ते अडीच वर्षांची 48 मुलं, चिठ्ठ्या टाकूनच गट पाडलेले, थेरपिस्टचे तास आठवड्याला 20 च्या आत, बाकीचं आईवडिलांनी घरी जेवताना-आंघोळ घालताना खेळत खेळत करायचं. दोन वर्षांनी त्या मुलांची भाषा, बुद्ध्यांक, रोजची कामं यात दुसऱ्या गटापेक्षा चांगला फरक दिसला. आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 2016 मध्ये छापून आलेला गोवा आणि रावळपिंडीतला अभ्यास, तिथं तर स्पेशालिस्टसुद्धा नव्हते, साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी आईबापांना शिकवलं आणि मुलं आपणहून आईबापाशी संवाद सुरू करायला लागली, ते वाढलं. म्हणजे तासांचा हिशोब एकटा धरून चालत नाही, त्या तासात लेकराशी कोण कसं वागतंय ते बघावं लागतं.

घरी नेमकं काय करायचं ते सांगते. त्याला शेंगाची पोळी आवडते असं धरून चालू. अख्खी पोळी ताटात दिली की विषय संपला, त्याला तुमची गरजच उरली नाही. त्यापेक्षा जमिनीवर त्याच्यासमोर बसा, तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीला आलं पाहिजे, पोळीचे बारके तुकडे तुमच्याकडं ठेवा, एक द्या, मग दुसरा हातात धरून गप्प थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. हे थांबणंच आपल्याला जमत नाही, आपण लगेच "काय पाहिजे, पोळी पाहिजे, बोल पोळी, बोल ना" करून भडिमार करतो. थांबलात की तो हात पुढं करेल, नाहीतर तुमचा हात ओढेल, क्षणभर बघेल. जे काही करेल ते मागणं समजायचं आणि त्याच सेकंदाला "दे" असं एकदाच म्हणून तुकडा द्यायचा. तो "दे" म्हणला नाही म्हणून अडवून ठेवायचं नाही, रडवायचं तर अजिबातच नाही. हेच साबणाच्या फुग्यांना, झोपाळ्याला, पाण्याच्या नळाला. केलं की मिळतं हे त्याला कळलं की मागणं वाढतं, एबीएचं मूळ एवढंच आहे आणि ते करायला सेंटरचं टेबल लागत नाही.

दुसरं उदाहरण चड्डीचं. आपण वरपासून शिकवायला जातो आणि पोरगं पहिल्याच पायरीला वैतागतं. उलटं करा, सगळी चड्डी तुम्ही घाला, फक्त गुडघ्यापासून कमरेपर्यंत ओढायचं शेवटचं काम त्याचं, हाताला हात लावून. झाली की लगेच शाबासकी, त्याला आवडेल ती, काही लेकरांना टाळ्या वाजवलेल्या सोसत नाहीत त्यांना गुदगुल्या करा. ते जमलं की मग मांडीपासून, मग घोट्यापासून, असं मागं मागं जायचं. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातानं पूर्ण होतं म्हणून त्याला पुढच्या वेळी करावंसं वाटतं.

अंग टाकून रडणं, डोकं आपटणं याला 'हट्टी आहे' म्हणू नका. वहीत तीन गोष्टी लिहा, आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर तुम्ही काय केलं. आठवडाभरात दिसेल की मिक्सर लागला की होतंय, का मोबाईल काढून घेतला की, का पाहुणे आले की. मिक्सरचं असेल तर तो शिकवायचा विषयच नाही, आवाज त्याला खरंच दुखतो, त्याला आतल्या खोलीत न्या नाहीतर कानाला हेडफोन द्या. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला न्यायचं असेल तर संध्याकाळी होम मैदानावर गर्दीत पाळण्यापाशी उभं करू नका, सकाळी दुकानं उघडत असताना न्या, पाच मिनिटं फिरवा, रडायच्या आत परत आणा.

थेरपिस्ट निवडताना मी एकच गोष्ट कडक बघते, लेकरू आत जाताना कसं जातं. शिवाय आईला आत बसू देत नाहीत तिथं मी तरी घालणार नाही. जबरदस्तीनं हनुवटी धरून "माझ्याकडं बघ" करणं, हात हलवतो म्हणून हात दाबून धरणं, हे चालू असेल तर निघा. हात हलवणं हे त्याचं स्वतःला सावरणं असतं, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, आणि लहानपणी हे सगळं भोगलेली ऑटिस्टिक माणसं आज मोठी होऊन सांगतायत की त्याचा त्रास वर्षानुवर्षं राहिला. त्यांचं ऐकायलाच पाहिजे. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आरसीआयला, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेला, नोंदलेले आहेत का विचारा, नंबर मागायला लाजू नका. एबीए करतो म्हणणाऱ्याला कुठं शिकलात आणि तुमच्यावर देखरेख कुणाची आहे हे विचारा. दर तीन महिन्याला 'आता काय येतं, आधी काय येत नव्हतं' हे लेखी मागा. "एवढ्या महिन्यात बरा करतो" म्हणाले की तिथंच उठायचं. स्टेम सेलच्या जाहिराती येतील, लाखांच्या गोष्टी करतील, ऑटिझमसाठी ते उपचार म्हणून देऊ नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंच 2022 मध्ये सांगितलंय.

भाषेचं तुम्ही विचारलंत, घरी तेलुगू, शेजारी मराठी, आणि सेंटरवाले म्हणतात फक्त इंग्रजी बोला. नका ऐकू. दोन भाषांमुळं ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागं पडतं असं अभ्यासात दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, तीच बोला. आजी तेलुगूत गाणं म्हणत असेल तर तिला म्हणू द्या, गाण्याच्या मध्ये थांबायला शिकवा फक्त, तो पुढचा सूर काढतो का बघायला.

पैशाचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, सिव्हिलला सर्टिफिकेट आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, चौकशी करा, त्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना मिळते, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, त्यात थेरपीचाही काही खर्च निघतो. शासनाच्या बालआरोग्य कार्यक्रमातलं जिल्हा पातळीवरचं केंद्र, डीईआयसी म्हणतात त्याला, त्याबद्दलही तिथंच विचारा. पुण्याला जायचंच तर महिन्या-दोन महिन्यातून एकदा चांगल्या माणसाकडं प्लॅन करून घ्यायला जा आणि इथं येऊन राबवा. घर, आजी, ओळखीची गल्ली सोडून भाड्याच्या खोलीत एकट्या आईनं लेकराला सांभाळायचं हे मी पाहिलंय, आई आधी मोडते.

आता एक करा. त्याला आवडणाऱ्या दहा गोष्टी लिहून टाका, खाण्याच्या, हलण्याच्या, आवाजाच्या, चाकांच्या, काहीही. आणि तो आत्ता काही पाहिजे असलं की काय करतो, ओढतो, रडतो, का स्वतः चढून घेतो, तेही लिहा. मग पहिल्या आठवड्याला कशापासून धरायचं ते मी सांगते.