घरी घडाघडा, वर्गात गप्प

"मॅडम, घरी घडाघडा वाचतो हो. शाळेत उभं केलं की तोंडाला कुलूप." सहावीतल्या मुलाची आई बोलत होती. मराठी माध्यम, आणि अडचण फक्त इंग्रजीच्या तासाला. ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा येते की उत्तर तयारच होतं: भीती आहे, जाईल. दीर्घ श्वास, आरशासमोर वाचन असं काहीबाही सांगून मी मोकळी झाले. तीन आठवड्यांनी आई परत. फरक शून्य, वर नवी धास्ती, वाचण्यातल्याच उपजत अडचणीची: "डिस्लेक्सिया तर नसेल?"

त्याच्यापुढे मराठी पुस्तक ठेवलं. न अडखळता वाचलं. तेवढ्यानं शंका फिटत नाही, काही मुलांची अडचण इंग्रजीतच आधी उघडी पडते. पण चाचणीला पाठवण्याआधी तो तास एकदा डोळ्यांनी बघावासा वाटला. शाळेची परवानगी काढून मागच्या बाकावर जाऊन बसले.

३५ मिनिटांचा तास, पन्नासेक मुलं. बाई तळमळीच्या, आवाज खणखणीत. पद्धत मात्र आपण सगळे शिकलो तीच. हजेरीच्या क्रमानं उभं राहायचं, चार ओळी वाचायच्या, बसायचं. आमचा गडी चौदावा. पहिला मुलगा वाचत होता तेव्हाच यानं बोटानं मोजत आपल्या ओळी गाठल्या होत्या आणि ओठ हलवत तालीम चालवली होती. गोष्टीत काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. नेमका अकरावा मुलगा गैरहजर. हिशोब चार ओळींनी चुकला. 'आयलंड'चं 'इसलंड' झालं, वर्ग खिदळला, बाईंनी शब्द दुरुस्त केला आणि "नेक्स्ट".

मधल्या सुट्टीत त्याचं पुस्तक चाळलं. मागच्या धड्यांत ओळीओळीखाली पेन्सिलनं बारीक देवनागरी: 'नाइफ', 'वुड', 'लिसन'. अक्षर आईचं. चालू धड्यात चारच ओळींखाली, त्याच्या नंबराला येतील अशा बेतानं. घरचं घडाघडा वाचन ते हे!

नवल वाटलं नाही. आपल्याकडे 'क' दिसला की 'क'च म्हणायचा. इंग्रजीत २६ अक्षरांवर चाळीसहून जास्त उच्चारांचं ओझं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी कित्येक मुलं अक्षरांची नावं पाठ करून पुढे सरकतात, त्यांचे आवाज ओळखीचे होतच नाहीत.

बाईंना चुका सांगायला गेले नाही. वहीतली एकच नोंद दाखवली: प्रश्न विचारल्यावर त्या किती थांबल्या. जेमतेम सेकंद, कधी तेवढंही नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांतल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक साधारण सेकंदभरच थांबत. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबत आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलत. बाई हसल्या. "मला वाटायचं, मी फार थांबते. पण मग पोर्शन कोण संपवणार?" प्रश्न रास्त होता, माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

एक धडा वेगळा घेऊन बघायचं ठरलं. पुढच्या खेपेला बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला: 'म्हातारी गाय विकायला का तयार नव्हती?' उत्तर मराठीत दिलं तरी चालेल. मग स्वतः वाचलं, मुलांची बोटं ओळीवर. मग त्यांच्या मागोमाग सगळा वर्ग. मग जोड्या: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ओळ धरायची. गोंगाट झाला खरा. शेजारच्या वर्गातले सर दोनदा डोकावून गेले. पण मुलं ओळी मोजत नव्हती, म्हातारीचं कारण शोधत होती. आमचा गडी जोडीदाराला मध्येच थांबवून मागच्या ओळीवर घेऊन गेला.

चाचणीचं सहा महिन्यांनी बघू, असं आईला सांगितलं. पेन्सिल बंद, रोज दहा मिनिटं दोघांनी मिळून वाचायचं. "मलाच कुठं येतं नीट," ती म्हणाली. म्हटलं, मग दोघं मिळून अडखळा.

परवा तिचा फोन आला. एकट्यानं उभं राहून अजून वाचत नाही. पण वर्गात हात वर करून बाईंना विचारलं म्हणे, 'नाइफ'मधला 'के' बोलायचा नाही तर ठेवलाय कशाला?