जिन्यावरून परत फिरलो

प्रश्न : चाळीस दिवस झाले, प्यायलेलो नाही. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘नुसत्या गोळ्यांवर राहू नका, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जा.’ म्हणून जवळपासच्या मीटिंगची यादी मिळवली. पहिल्या ठिकाणी गेलो तर दाराला कुलूप. दुसऱ्या ठिकाणी आतून हसण्याचा आवाज आला आणि मी जिन्यावरूनच परत फिरलो. आत कुणी ओळखीचं निघालं तर? शिवाय देवाधर्मावर माझा विश्वास नाही. माझ्यासाठी योग्य ग्रुप कसा शोधू?
— एक वाचक

उत्तर : तो हसण्याचा आवाज मीही ऐकलाय. चौदा वर्षांपूर्वी अशाच एका दाराबाहेर उभी होते. दारू सुटलेली माणसं इतकी मोकळी हसतात कशी, याचा मला रागच आला होता. मग आतून एक वयस्कर बाई आल्या. काही न विचारता त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. अर्धाच भरलेला. हे मला कितीतरी दिवसांनी उमगलं : ज्याचे हात थरथरताहेत त्याला काठोकाठ ग्लास द्यायचा नाही. चारचौघांत पाणी सांडलं, तर तो माणूस लाजेनं पुन्हा फिरकत नाही.

ते हात थरथरत होते, कारण मी कुणालाही न विचारता एका दिवसात दारू बंद केली होती. ती माझी घोडचूक. तुम्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडलीत, हे फार बरं केलंत. पण हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते : रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

आता कुलपाचं. बहुतेक ग्रुप कुणाच्या तरी खोलीत, आठवड्यातून तास-दीड तास भरतात. जागा बदलते, वेळ बदलते आणि यादी जुनीच राहते. म्हणून जाण्याआधी फोन करा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या हेल्पलाइनवर बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेला माणूसच बोलतो. त्याला सरळ सांगा, ‘पहिल्यांदाच येतोय, दाराशी कुणी भेटेल का?’ संकोच करू नका. नव्या माणसाला हात देणं ही संघटनेनं दारूतून सावरण्यासाठी सांगितलेल्या बारा पायऱ्यांमधली शेवटची पायरी आहे, त्यात त्यांचंही सावरणं असतं.

ही सगळी चळवळ उभी राहिली तीच एका फोनमधून. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलच्या लॉबीत या संघटनेचा एक संस्थापक, बिल डब्ल्यू., उभा होता. धंद्यात अपयश आलेलं, दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले आणि शेजारी बार. तो फोनकडे वळला आणि दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायला मिळावं म्हणून चौकशी करत राहिला. त्यातून डॉ. बॉब हे दारूच्या आहारी गेलेले डॉक्टर भेटले. त्यांनी शेवटचा घोट घेतला १० जूनला. तोच दिवस संघटनेचा स्थापना दिवस मानतात.

फोनवर आणखी एक विचारा : मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड? ओपनला कुणीही येऊ शकतं, घरची माणसंसुद्धा. क्लोज्ड फक्त दारू सोडायची इच्छा असलेल्यांसाठी. ओळखीची धास्ती असेल तर क्लोज्डला जा. मला दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसातला एक सहकारी भेटला. माझे पाय गार पडले. त्यानं फक्त मान हलवली आणि शेजारची खुर्ची सरकवून दिली. ऑफिसात त्यानं आजवर त्याचा उच्चारही केलेला नाही. फी नाही. आडनाव कुणी विचारत नाही. बोलायची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरतं.

देवाचा प्रश्न टाळणार नाही. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहेच, पण ‘आपल्या समजुतीप्रमाणे’ हे शब्दही आहेत. मीसुद्धा नास्तिक. माझ्यासाठी त्या खोलीतली माणसं हीच माझ्याहून मोठी शक्ती, आणि माझं त्यावर निभावलं. तरीही पटलं नाही, तर देवाचं नाव न घेणारे ग्रुप आहेत. स्मार्ट रिकव्हरी या दुसऱ्या संस्थेची पद्धतही वेगळी : पायऱ्या नाहीत, विचारांच्या सवयी बदलण्यावर भर. ऑनलाइन मीटिंगही भरतात. रात्री बेरात्री त्यांनी मला तारलंय, पण सुरुवातीला माणसांत जाऊन बसा.

एका मीटिंगवरून ठरवू नका. माझा पहिला ग्रुप मला मानवला नव्हता. तिथले दोघेतिघे जुन्या पिण्याच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगायचे, की माझ्याच घशाला कोरड पडायची. मी ग्रुप बदलला, मीटिंग नाही सोडली. निदान पाच-सहा वेळा जा, दोनतीन ठिकाणं बघा. जिथून परतताना छातीवरचं ओझं थोडं कमी वाटेल, तो तुमचा. घरच्यांना अल-अ‍ॅनॉनबद्दल सांगा. तो ग्रुप १९५१ पासून खास त्यांच्यासाठीच चालतो.

आणि मीटिंग सुटल्यावर लगेच पळू नका. खुर्च्या आवरायला हात लावा. फोन नंबर तेव्हाच दिले-घेतले जातात. ज्यांच्या नंबरावर मी आजही रात्री दोनला फोन करू शकते, त्या माझ्या स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणाऱ्या जुन्या सदस्या, मला खुर्च्या रचतानाच मिळाल्या. अर्धा ग्लास पुढे करणाऱ्या त्याच बाई.