कॅनडातल्या लेथब्रिजला नवीन आलात? शेजाऱ्यांबद्दल थोडं

थंडी, भाडं, गाडी हे सगळं जमेल हळूहळू. सुरुवातीला इथल्या मूळ रहिवाशांबद्दल, म्हणजे ब्लॅकफूट लोकांबद्दल, एवढं सांभाळा.

१. पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगेल, "ते लोक टॅक्सच भरत नाहीत." अर्धवट माहिती आहे ही. सवलत मुख्यतः रिझर्व्हवरच्या (मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या जमिनीवरच्या) कमाईला. शहरात नोकरी करणारा कायनाई (ब्लॅकफूटांपैकी एक गट) माणूस सहसा आपल्यासारखाच आयकर भरतो. मीसुद्धा वर्षभर नुसती मान डोलावत होतो.

२. ब्लॅकफूट म्हणजे एकच गट नव्हे. कायनाई, सिक्सिका, पिकानी, शिवाय सीमेपलीकडे मोंटानातले. आणि स्वतःची ओळख देताना 'इंडियन'पेक्षा "भारतातून आलोय" म्हणा, घोळ टळतो; इथे मूळ रहिवाशांनाही 'इंडियन' म्हणत आलेत.

३. निवासी शाळांबद्दल (मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या शाळा) कुतूहलाने विचारत सुटू नका. कायनाई रिझर्व्हवरची सेंट मेरीज १९८८ साली बंद झाली. म्हणजे तिथे शिकलेली माणसं आज बिलाच्या रांगेत तुमच्या पुढे उभी असतात.

एकदा दुकानात एका कायनाई आजींच्या मागे रखवालदार फिरत होता. माझी भलीमोठी सॅक मात्र त्याला दिसलीच नाही! मी जवळ जाऊन "ओकी" म्हटलं (म्हणजे नमस्कार), तशा त्या हसल्या, मग गव्हाच्या पिठाचे भाव यावर दहा मिनिटं गप्पा. तो कंटाळून निघून गेला.

१८७७चा सातवा करार (ब्लॅकफूट व शेजारच्या जमातींचा ब्रिटिश राजसत्तेशी झालेला), जमिनीचे दावे वगैरे सावकाश वाचा. आधी फोर्ट मॅक्लाउडजवळचा हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप (पूर्वी जिथून रानगव्यांचे कळप खाली लोटून शिकार करत तो कडा) बघून या. वारा जबरदस्त असतो, कानटोपी विसरू नका.