न्यूरोचा (मेंदू-नसांच्या आजाराचा) पेशंट तपासताना

नौपाड्यात पहिल्यांदाच होम व्हिजिटला चालली आहेस ना, मग रिफ्लेक्स बघायचा हॅमर आधी पिशवीतच राहू दे. नुसतं बघ. काका खुर्चीतून उठताना कुठला हात टेकतात, वळताना पावलं अडखळतात का, चप्पल एकाच पायातून निसटते का. निम्मी तपासणी इथेच होते.

टोनला, म्हणजे स्नायूंच्या ताणाला, मात्र भरपूर वेळ दे. कोपर आधी सावकाश हलव, मग झटकन. वेग वाढवल्यावर मध्येच अडकलं तर स्पॅस्टिसिटी. वाकवताना-सरळ करताना, कुठल्याही वेगाला सारखाच विरोध असेल तर रिजिडिटी, पार्किन्सन्समधली. मॉडिफाइड अ‍ॅशवर्थचा (हा ताण मोजायच्या स्केलचा) ग्रेड लिहिताना पेशंट झोपलेला होता की बसलेला, हेही लिही. नाहीतर पुढच्या वेळची तुलना फुकट. ग्रेड 1 की 1+ यावर सीनियरांचंही एकमत होत नाही, तिथे डोकं फोडू नकोस.

सेन्सेशन (स्पर्शाची जाणीव) बघताना डोळे मिटायला सांग आणि 'लागतंय ना?' असं विचारूच नकोस. आपले आजी-आजोबा डॉक्टरला 'नाही' म्हणत नाहीत! 'कुठे लागलं?' विचार, मध्येच स्पर्श न करताही विचार. शेजारून मुलगाच उत्तरं देत असेल तर त्याला गोडीत जुने रिपोर्ट शोधायला पाठव.

बर्ग बॅलन्स या तोल तपासायच्या स्केलमध्ये 14 चाचण्या, 56 गुण. पण जिना उतरणं त्यात नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो तूच बघायचास, उतरताना कठडा चांगल्या हाताला येतो का तेही.

आणि तोंड किंवा बोलणं अचानक वाकडं वाटलं तर तपासणी तिथेच थांबव, सरळ हॉस्पिटल.