जर्मन लोकांमध्ये ‘मायर’ आडनाव असलं की माणूस ज्यू असतो का? या आडनावाचा अर्थ काय?

नाही. हाच प्रश्न माझ्या लग्नात सांगलीच्या मामांनी भर पंगतीत सासऱ्यांना विचारला होता, म्हणून जरा चिडूनच लिहितेय. सासरे बव्हेरियातले मायर, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. मामांचं म्हणणं, “मायर म्हणजे ज्यूच. गोल्डा मायर विसरलात?”

इस्राएलच्या पुढे पंतप्रधान झालेल्या या गोल्डाबाईंचं नवऱ्याकडून आलेलं आडनाव मायरसन. 1956 साली परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांनी त्याचं हिब्रू रूप घेतलं, मेइर, म्हणजे प्रकाश देणारा. ज्यूंमध्ये हे मुळात आडनाव नव्हेच, माणसाचं नाव. बँकर म्हणून गाजलेल्या ज्यू रॉथशिल्ड घराण्याचा मूळपुरुष मायर आम्शेल घ्या. ऑस्ट्रियात 1787 साली, प्रशियात 1812 साली ज्यूंना कायमचं आडनाव लावणं सक्तीचं झालं, तेव्हा काहींनी बापजाद्यांचं नावच पुढे चालवलं.

शेतकरी मायर वेगळे. त्यांचं मूळ लॅटिन ‘मायोर’, म्हणजे मोठा. जमीनदाराच्या किंवा मठाच्या जमिनीवरचा हा कारभारी: कुळांकडून धान्य वसूल करायचं, वेठीची कामं करून घ्यायची. साधारण आपला खोत. पुढे मोठी शेती खंडाने कसणाराही मायर झाला. असे मायर जागोजागी, म्हणून मग ओबरमायर (वरच्या अंगाचा), नीडरमायर (खालच्या अंगाचा), बाखमायर (ओढ्याकाठचा).

मामांचा पुढचा शोध: स्पेलिंगमध्ये ‘ए-वाय’ असेल तर ज्यू, ‘ए-आय’ असेल तर ख्रिश्चन! सासऱ्यांनी न बोलता चर्चच्या नोंदवह्यांच्या प्रती काढल्या. एकाच घरातले मायर तीन तऱ्हांनी लिहिलेले. पाद्री बदलला की स्पेलिंग बदललं. 1876 पासून जर्मनीभर सरकारी नोंदणी सुरू झाली आणि कारकुनाने लिहिलं ते चिकटलं. यावर मामा म्हणाले, “पाद्री काय, काहीही लिहितील.”

मामांच्याच न्यायाने बघायचं तर कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू मंडळींची आडनावं रोहेकर, पेणकर अशी गावांवरून आलेली. मग रोह्याहून आलेला प्रत्येक जण ज्यू म्हणायचा का? आडनावावरून जात ओळखायची आपली खोड युरोपात नेऊ नये, एवढंच मला त्या दिवशी म्हणायचं होतं, पण नव्या नवरीला कोण बोलू देतं.

‘मायर घराण्याचं मानचिन्ह’ म्हणून इंटरनेटवर ढाली-तलवारी विकतात, त्याला पैसे घालू नका. मानचिन्ह विशिष्ट घराण्याचं असतं, आडनावाचं नव्हे. (मामांनी आम्हाला आहेरात तेच दिलं. माळ्यावर आहे.)

हां, मायर आडनावाची ज्यू कुटुंबंही पुष्कळ आहेत, ते नाकारत नाही. तुम्हाला एखाद्या घराण्याचा खरंच माग काढायचा असेल तर आधी त्यांचं मूळ गाव विचारा, मग तिथल्या चर्चच्या किंवा सिनेगॉगच्या नोंदी बघा. आणि ऑफिसातल्या मायरांबद्दल नुसतं कुतूहल असेल तर विचारूच नका. जर्मनीत हा प्रश्न फार वाईट लागतो.