इंजिन खोलण्याआधी

भाऊ, मेकॅनिक ‘इंजिन बसलं’ म्हणाला म्हणून लगेच ॲडव्हान्स देऊ नको. आधी कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घे, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून माग. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसतंय, रेडिएटरचं पाणी आटतंय? मग बहुतेक हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन अन् त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. हेड वाकलं नसेल तर थोडक्यात भागतं. निळा धूर निघतो अन् गाडी ऑइल पिते, तर रिंगा, पिस्टन बदलणं अन् बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेणं, आलं. तिथं खिसा रिकामा होतो.

आरसी पण बघ. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, संपत आलं असेल तर पासिंगचा, म्हणजे रजिस्ट्रेशन पुन्हा करायचा, खर्च धर. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीवर गेला, तर मी तरी हात लावणार नाही. कापूस विकल्यावर आपल्याकडे जुन्या गाडीला गिऱ्हाईक येतं, पण चालू गाडीला. खोललेलं इंजिन भंगारातच जातं.

अन् बदललेले जुने पार्ट घरी आण, मेकॅनिक सोयरा असला तरी.