पोच्या कथांमधला स्वार्थ आणि मरण, तुझ्या ड्राफ्टबद्दल थोडं

हाय,

एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकाच्या कथांवरच्या निबंधाचा तुझा ड्राफ्ट वाचला. भाषा मस्त आहे, त्याबद्दल काही बोलत नाही. गडबड पहिल्याच ओळीत आहे, 'स्वार्थी माणसाला शेवटी मरण गाठतंच' असं तू ठोकून दिलंयस आणि मग चारही कथा त्यात कोंबल्यायस. आता एक काम कर, प्रत्येक कथेत मरतं कोण एवढंच कागदावर लिहून काढ. 'कास्क ऑफ अमाँटिलाडो'त मरतो फॉर्च्युनाटो, आणि त्याला भिंतीत चिणणारा माँट्रेसर पन्नास वर्षांनी आरामात बसून ती गोष्ट सांगतोय. 'ओव्हल पोर्ट्रेट'मध्ये बायकोचं चित्र काढणारा चित्रकार शाबूत, बायको गेली. दुसऱ्या लेखकाच्या, हॉथॉर्नच्या, 'बर्थमार्क'मध्येही तेच, गालावरचा डाग घालवायच्या नादात एल्मर बायकोचा जीव घेतो. म्हणजे चारातला स्वतः मरणारा स्वार्थी एकच, 'मास्क ऑफ द रेड डेथ'मधला प्रिन्स प्रॉस्पेरो, आणि तोही जाताना हजार जणांना घेऊन जातो. तुझं वाक्य तिथेच पडलं ना?

माझं मत विचारशील तर प्रॉस्पेरो आणि माँट्रेसर ही जोडीच धर. दोघांकडे भिंत आहे, दोघांकडे मुखवट्यांचा सण आहे, आणि दोघं नेमके उलटं वागतात. प्रॉस्पेरोचं अर्धं राज्य साथीत ओस पडलंय आणि हा धडधाकट मित्र निवडून मठात जाऊन बसतो, आतून कड्या वितळवून जाम करून टाकतो, बाहेरच्यांचं बाहेरचे बघतील. गंमत म्हणजे पो सुरुवातीला त्याला शिव्या देत नाही, आनंदी, धाडसी, हुशार म्हणतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात ते ओस राज्य येतं. तू तिथे 'क्रूर राजा' लिहून पोने न बोलता केलेलं काम बोलून बिघडवलंयस, तो शब्द काढ. प्रॉस्पेरोला मरण बाहेर ठेवायचंय आणि माँट्रेसरला ते आत कोंडायचंय. हा पट्ठ्या अंगरख्याखाली थापी घेऊन फिरतो, नोकरांना 'सकाळपर्यंत येत नाही, घर सोडू नका' असं बजावतो म्हणजे ते नक्की पळणार हे त्याला माहितीये, आणि मग दगडांचे अकरा थर स्वतःच्या हाताने रचतो. शिक्षा कुठेच नाही. फक्त शेवटी आतून फॉर्च्युनाटोच्या विदूषकी टोपीच्या घुंगरांशिवाय काही ऐकू येत नाही तेव्हा त्याला कसंतरी होतं, आणि तो लगेच सांगून टाकतो की तळघरात ओल होती म्हणून. माझ्या मते सगळ्या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे, आणि तुझ्या ड्राफ्टमध्ये ते नाहीच! पन्नास वर्षांनंतरही हा माणूस ओलीवर ढकलतोय.

आणि सांगतंय कोण हेही बघ. माँट्रेसर स्वतः सांगतो, म्हणजे आपल्याला फॉर्च्युनाटोचा गुन्हा त्याच्याच तोंडून ऐकावा लागतो, आणि तो नेमका काय अपमान झाला ते कधी सांगतच नाही. प्रॉस्पेरोची गोष्ट तर, सगळे मेल्यावर, कोणी सांगितली? यावर एक अख्खा पॅरा होऊ शकतो.

चरित्राचा पॅरा दोन ओळींवर आण. पोची बायको व्हर्जिनिया जानेवारी १८४२ मध्ये आजारी पडली, 'ओव्हल पोर्ट्रेट' एप्रिलमध्ये आणि 'रेड डेथ' मे महिन्यात आली, दोन्ही ग्रॅहम्स मॅगझिनमध्ये, हे खरंय आणि मोह होतो मान्य आहे. कामात बुडालेला नवरा आणि समोर विझत चाललेली बायको, कोणालाही सुचेल. पण त्यावरून पो स्वतःलाच शिक्षा देत होता वगैरे जे लिहिलंयस ते तू सिद्ध करू शकत नाहीस.

'बर्थमार्क' काढूनच टाक यातून. एल्मरचं प्रेम खरं आहे आणि म्हणूनच तो जास्त अवघड आहे, त्याला वेगळा निबंध लागेल. 'ओव्हल पोर्ट्रेट' राहू दे, पण छोटं.

नवीन ड्राफ्ट रविवारपर्यंत पाठव, आणि प्लीज यावेळी पान नंबर टाक.

तुझा दादा